गाडीखाली ओलं दिसतंय? नेमकं काय गळतंय ते असं शोधा

पावसाळा संपला की गॅरेजमध्ये एक ठरलेली तक्रार सुरू होते, "गाडीखाली काहीतरी गळतंय." पार्किंगची फरशी सुकते आणि चार महिने पाण्यात लपलेले डाग वर येतात. तक्रार एकच, पण कारणं डझनभर. काहींत निव्वळ पाणी असतं, काहींत गाडी जागेवरून हलवणंही धोक्याचं असतं. मी वर्षानुवर्षं गाड्यांखाली शिरून हेच शोधत आलोय आणि एक गोष्ट परत परत दिसली आहे: गळतीपेक्षा जास्त नुकसान "वरून भरत राहिल्यामुळे" होतं. कूलंट कमी झालं, ओतलं. ऑइल कमी झालं, ओतलं. आणि एक दिवस खंबाटकीच्या चढावर काटा लाल रेघेला टेकतो.

म्हणून गॅरेजला येण्याआधी घरी काय पाहायचं, कोणत्या क्रमाने पाहायचं आणि कुठे हात काढून घ्यायचा, ते लिहितोय.

आधी लक्षणं

गाडी काढल्यावर जागेवर राहिलेला डाग हे उघड लक्षण. पण गळती नेहमी जमिनीपर्यंत पोचतेच असं नाही. आजकाल बऱ्याच गाड्यांना इंजिनाखाली प्लास्टिकचं अंडरकव्हर असतं. त्यात ऑइल साचून राहतं आणि फरशी कोरडी ठणठणीत दिसते. त्यामुळे पुढच्या गोष्टीही लक्षणांतच धरा:

- घाट चढून आल्यावर किंवा सिग्नलला थांबल्यावर जळक्या तेलाचा वास येतो.
- कूलंटची बाटली दर काही आठवड्यांनी मिनिममच्या खाली जाते, पण जमिनीवर काही दिसत नाही.
- गाडीत गोडसर वास येतो आणि पुढच्या काचेवर आतून चिकट धुकं जमतं.
- डावीकडच्या पुढच्या सीटसमोरचं कार्पेट ओलं लागतं, कुबट वास सुटतो.
- ब्रेकचं पेडल मऊ लागतं, नेहमीपेक्षा खोल जातं. किंवा क्लच दाबला की वर येत नाही.
- स्टिअरिंग पूर्ण वळवताना घरघर येते. हे हायड्रॉलिक स्टिअरिंगच्या गाड्यांत. इलेक्ट्रिक स्टिअरिंगला तेल नसतं.
- पेट्रोलचा वास. थोडासा असला तरी.

या बाबतीत पुढची तपासणी करत बसू नका

पेट्रोलचा वास येत असेल किंवा गाडीखाली पटकन उडून जाणारा, वासाचा ओलावा दिसत असेल, तर गाडी स्टार्ट करू नका. "गॅरेज कोपऱ्यावरच आहे" म्हणूनही नाही. गरम सायलेन्सर किंवा एक ठिणगी पुरते. बंद बेसमेंट असेल तर आधी माणसं बाहेर काढा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती खाली साचून राहते. आपल्याकडे यामागे बरेचदा उंदीर असतात. बोनेटखालचा रबरी पाइप रात्रीत कुरतडला जातो, आणि सकाळी पंप सुरू झाला की त्याच चिरेतून पेट्रोलची धार उडते. उंदराच्या लेंड्या, कुरतडलेला फोम दिसला तर हा संशय पहिला घ्या.

सीएनजीचं डबकं पडत नाही, फक्त वास येतो. तो आला तर इंजिन बंद करा, दारं-डिकी उघडा, हात सहज पोचत असेल तर सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद करा आणि लांब व्हा. वास वाढत असेल तर १०१ किंवा ११२ लावा.

तिसरी गोष्ट ब्रेक ऑइल. ते कसं ओळखायचं ते पुढे येईल. पण पेडल मऊ लागतंय आणि चाकाच्या आतल्या बाजूला ओलं आहे, एवढं दिसलं तरी गाडी उभीच ठेवा. टोइंगवाल्याला बोलवा.

पहिला प्रश्न: एसी चालू होता का?

मार्च ते जून या काळात "गळती" म्हणून आलेल्या गाड्यांत बऱ्याच वेळा निव्वळ एसीचं पाणी निघतं. थंड कॉइलवर हवेतली वाफ जमते आणि नळीतून खाली ठिबकते. ही नळी बहुतेक गाड्यांत इंजिनाच्या मागे, डाव्या सीटच्या पायांखालच्या भागात उघडते. पाणी स्वच्छ, बिनवासाचं, बोटाला न चिकटणारं असतं. दमट हवेत ते जास्त पडतं. मे महिन्यात नागपुरात जेमतेम चार थेंब टाकणारी गाडी रत्नागिरीत अर्ध्या तासात फरशी ओली करते. दोन्हीकडे एसी ठीकच चाललेला असतो.

खरं तर भर उन्हाळ्यात कोकणात एसी लावून हे पाणी अजिबात पडत नसेल तर काळजी करा. नळी चोंदलेली असते आणि पाणी आत कार्पेटवर उतरतं. चिखल, पाला, कधी कुंभारमाशीचं घर, काहीही अडकतं. खालून रबरी टोक हाताने दाबून मोकळं करा, किंवा पंक्चरवाल्याकडे अगदी कमी दाबाने हवा मारून घ्या. जोरात हवा मारली की आतला जोड निसटतो. तार खुपसू नका.

सायलेन्सरच्या टोकातून पडणारं पाणीही असंच निर्धोक. १ लिटर पेट्रोल जळलं की जवळपास तेवढंच पाणी वाफेच्या रूपाने बाहेर पडतं. थंड सकाळी ती वाफ पाइपातच निवते आणि थेंब पडतात. सीएनजीवर ते आणखी जास्त दिसतं. इंजिन तापल्यावर थांबलं तर विषय संपला. इंजिन पूर्ण तापूनही दाट पांढरा धूर येत राहिला, तर मात्र खाली हेड गॅस्केटबद्दल, म्हणजे इंजिनाचा ब्लॉक आणि वरचं हेड यांच्यामधल्या पॅकिंगबद्दल, लिहिलंय ते वाचा.

पुठ्ठा टाका

फ्रिज किंवा वॉशिंग मशीनच्या खोक्याचा मोठा पुठ्ठा घ्या आणि रात्री गाडीखाली पसरा. वर्तमानपत्र चालतं, पण पातळ कागदावर डाग पसरतो आणि रंग कळत नाही. पुठ्ठ्यावर पेनाने पुढचं डावं चाक, पुढचं उजवं चाक आणि बंपरची रेघ काढून ठेवा. ही खूण फार कामाची आहे. सकाळी डाग पाहून "कुठेतरी मधे" एवढंच सांगता येण्यापेक्षा "बंपरपासून दीड हात मागे, उजवीकडे" असं सांगता आलं, तर मेकॅनिकचा अर्धा तास वाचतो.

एक अट. गाडी सपाट जागेवर हवी. सोसायटीच्या उतारावर उभी असेल तर थेंब एका टोकाला वाहत जाऊन पडतो. तसंच पावसात भिजून आलेली किंवा वॉशिंग करून आणलेली गाडी कित्येक तास ठिबकत राहते, तेव्हा पुठ्ठा कोरड्या दिवशीच टाका. नुकतीच सर्व्हिस झाली असेल तर फिल्टर बदलताना सांडलेलं ऑइल अंडरकव्हरमधून काही दिवस टपकतं. त्यासाठी आठवडाभर थांबून पुन्हा पाहा.

रंग, बोट, वास आणि वाटीभर पाणी

हातमोजा घाला किंवा पांढऱ्या टिश्यूवर थेंब टिपा. चाखून कधीच पाहू नका. बहुतेक कूलंटमध्ये इथिलीन ग्लायकॉल असतं. ते विषारी आहे, मूत्रपिंडं निकामी करतं, आणि गोडसर असल्यामुळे कुत्री-मांजरं ते चाटतात. पार्किंगमध्ये कूलंट सांडलेलं दिसलं तर आधी ते भरपूर पाण्याने धुऊन टाका, मग कारण शोधा.

हिरवा, गुलाबी, नारिंगी किंवा निळा, जरा चिकट, गोडसर वास: कूलंट. तपकिरी ते काळा, बुळबुळीत: इंजिन ऑइल. डिझेल गाडीत नवं ऑइलही थोड्याच दिवसांत काळं होतं, त्यामुळे काळा रंग पाहून घाबरू नका. लालसर पातळ तेल: ऑटोमॅटिक गिअरबॉक्स किंवा हायड्रॉलिक स्टिअरिंग. घट्ट तेल आणि नाकाला झोंबणारा, गंधकासारखा उग्र वास: गिअर ऑइल. फिकट पिवळं किंवा चहाच्या रंगाचं, बोटाला अगदी निसरडं: ब्रेक ऑइल. डिझेल वासावरूनच कळतं, आणि पेट्रोलसारखं उडून न जाता तेलकट डाग ठेवतं. बीएस-६ च्या काही डिझेल गाड्यांत युरियाच्या द्रावणाची वेगळी टाकी असते. ते गळून सुकलं की पांढरे स्फटिक राहतात.

रंगाने गोंधळ झाला तर वाटीत पाणी घ्या आणि थेंब टाका. इंजिन ऑइल, गिअर ऑइल, डिझेल हे पाण्यावर तरंगतात, तवंग धरतात. ब्रेक ऑइल आणि कूलंट पाण्यात विरघळून जातात. जुनं, मळकं ब्रेक ऑइल इंजिन ऑइलसारखंच दिसतं आणि या दोन्हींच्या धोक्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. म्हणून ही वाटीची तपासणी मी प्रत्येकाला करायला सांगतो.

पातळ्या, सकाळी, थंड इंजिनावर

बोनेट उघडा आणि कूलंटच्या बाटलीवर मार्करने आजच्या पातळीची रेघ मारा. तारीख लिहा. ब्रेक ऑइलच्या डबीवरही तसंच. ऑइलची डिपस्टिक पुसून पुन्हा घालून पाहा आणि कुठपर्यंत आहे त्याचा फोटो काढा. बहुतेक गाड्यांत मिनिमम-मॅक्सिममच्या खुणांमध्ये साधारण १ लिटर ऑइलचं अंतर असतं. छोट्या पेट्रोल गाडीत एकूण ऑइलच ३ लिटरच्या आसपास मावतं, म्हणजे मिनिममला आलेल्या गाडीत तिसरा हिस्सा गेलेला असतो.

आठवड्याने पुन्हा पाहा. डाग मोठा वाटतो पण पातळी हललेली नसते, असं पुष्कळदा होतं. चमचाभर ऑइल फरशीवर ताटाएवढं पसरतं. उलट डाग अजिबात नाही आणि पातळी उतरतेय, हे जास्त गंभीर. म्हणजे एकतर गळती गरम असतानाच होते, नाहीतर द्रव इंजिनात जळतोय.

ब्रेक ऑइलच्या बाबतीत एक गैरसमज दूर करतो. पॅड झिजत जातात तशी डबीतली पातळी महिनोन्‌महिने हळूहळू खाली येते. ती गळती नव्हे. पॅड बघायची वेळ आली, एवढाच त्याचा अर्थ. आठवड्यात बोटभर उतरली तर ती गळती.

बोनेटखाली, टॉर्च घेऊन

इथून पुढे कूलंटबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण सगळ्यात जास्त इंजिनं यातच जातात.

रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडायचं नाही. झाकणातली स्प्रिंग सुमारे १ बार दाब धरून ठेवते. त्या दाबामुळे आतलं पाणी १०० अंशाला न उकळता १२० अंशांच्या आसपासपर्यंत द्रवच राहतं. झाकण फिरवलं की दाब जातो आणि सगळं एकदम वाफ होऊन तोंडावर येतं. ज्या गाड्यांत कूलंटच्या बाटलीलाच फिरकीचं झाकण आहे, तिथेही हेच लागू. इंजिन हाताला गार लागेपर्यंत थांबा, मग जाड फडकं ठेवून उघडा.

थंड इंजिनावर आधी याच झाकणाचं रबर पाहा. चिरलेलं, कडक झालेलं असेल तर झाकण बदला. दुरुस्तीत याहून स्वस्त काही नाही आणि कित्येकदा काम इथेच संपतं. मग होज पाइप हाताने दाबत जा. टोकाशी फुगलेला, भेगाळलेला, तेलात भिजून लिबलिबीत झालेला पाइप बदलायलाच हवा. क्लिपजवळ पांढरी-गुलाबी पूड जमली असेल तर तिथून कूलंट झिरपून सुकतंय. क्लिप थोडी कसा, पण प्लास्टिकच्या नळीवर अंगाचा जोर लावू नका, ती तडकते.

आणि मग वॉटर बॉडी, म्हणजे कूलंट फिरवणारा पंप. पंपाच्या बॉडीला खालच्या बाजूला एक बारीक भोक मुद्दाम ठेवलेलं असतं. आतलं सील गेलं की कूलंट बेअरिंगमध्ये न जाता या भोकातून बाहेर यावं, म्हणून. असाच एक प्रकार माझ्याकडे वरचेवर येतो: बाटली रिकामी होतेय, पुठ्ठा कोरडा, पाइप ठीक. थंड इंजिनावर टॉर्च मारला की त्या भोकाखाली गुलाबी पुडीची काडीएवढी बारीक रेघ दिसते, बाकी काही नाही. इंजिन तापवून बंद केलं की पाचेक मिनिटांनी भोकाच्या ओठावर एक थेंब फुगतो, रेघेवरून घसरतो आणि गरम ब्लॉकवर चर्र होऊन नाहीसा होतो. जमिनीपर्यंत पोचतच नाही. ही वॉटर बॉडी बदलायचीच असते. सील लावून, गोंद भरून ती टिकत नाही.

हळद. रेडिएटरमध्ये हळद किंवा लीक बंद करायची पावडर टाकायची आपल्याकडे जुनी सवय आहे. रानात अडकलात आणि गावापर्यंत पोचायचं आहे, तर समजू शकतो. पण रोजच्या गाडीत हे करू नका. जे भोक बुजतं त्याच्याबरोबर रेडिएटरच्या आणि हीटरच्या बारीक नळ्याही बुजतात, आणि पुढच्या उन्हाळ्यात गाडी गरम व्हायला लागते. नुसतं नळाचं पाणी भरत राहणंही तसंच. कूलंट पातळ होतं, गंज धरतो, क्षार बसतात.

कूलंट कमी होतंय, बाहेर कुठेच थेंब नाही, सायलेन्सरमधून गोडसर पांढरा धूर, ऑइलच्या झाकणाखाली कॉफीच्या फेसासारखा मळ: ही हेड गॅस्केटची लक्षणं. फक्त झाकणाखालचा थोडा मळ, तोही पावसाळ्यात आणि रोज दोन-तीन किलोमीटरच फिरणाऱ्या गाडीत, हवेतल्या ओलाव्याचाही असतो. पण सगळी लक्षणं एकत्र दिसली तर गाडी बंद करा. गरम इंजिन रेटत नेलं की हेड वाकतं आणि खर्च कुठच्या कुठे जातो.

ऑइलसाठी एवढं ध्यानात ठेवा: नेहमी सर्वांत वरची ओली जागा शोधा. ऑइल खाली ओघळतं आणि चालत्या गाडीत वाऱ्याने मागे जातं. चेंबर (इंजिनाच्या तळाचं ऑइलचं भांडं) तेलाने माखलेलं असतं आणि गळत असतं वरचं टॅपेट कव्हरचं, म्हणजे इंजिनाच्या माथ्यावरच्या झाकणाचं, पॅकिंग. चेंबरचं पॅकिंग बदलून गळती तशीच राहिली, असं सांगत येणारे लोक याच कारणाने येतात. टॅपेट कव्हरच्या कडा, ऑइलचं झाकण, डिपस्टिकचं तोंड हे आधी पुसून कोरडं करा.

चाकांच्या आतल्या बाजूला

चाक पूर्ण वळवून टॉर्च मारा. टायरची आतली भिंत ओली असेल तर वाटीची तपासणी करा. विरघळलं तर ब्रेक ऑइल, गाडी उभी. तेलकट आणि शॉकअपच्या नळीवर धूळ चिकटलेली असेल तर शॉकअप गेला. हे निवांत, पण लवकर करायचं काम. चाकाच्या आत काळं घट्ट ग्रीस उडालेलं असेल तर अ‍ॅक्सलचं रबरी बूट फाटलंय. वेळेत बूट बदललं तर अ‍ॅक्सल वाचतो. पेडलच्या वर, ड्रायव्हरच्या पायाशी हात फिरवून पाहा. मास्टर सिलिंडर (पेडलचा दाब ऑइलला देणारा भाग) कधी कधी आत गळतो आणि बाहेर काहीच दिसत नाही.

ईको, बोलेरो अशा मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांत मागच्या अ‍ॅक्सलच्या मधोमध डिफरन्शियल (चाकांना ताकद वाटून देणारा गिअरचा डबा) असतं. तिथला उग्र वासाचा डाग गिअर ऑइलचा.

गाडीखाली

स्टँड नसतील तर इथेच थांबा. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कुणीही शिरायचं नाही, मिनिटभरही नाही. जवळच्या सर्व्हिस स्टेशनला रॅम्पवर चढवून घ्या आणि स्वतः खाली उभं राहून पाहा.

अंडरकव्हर काढल्याशिवाय निष्कर्ष काढू देऊ नका. ऑइल काढायच्या ड्रेन बोल्टच्या टोकाशी थेंब असेल तर बहुधा वायसर (वॉशर) जुनाच बसवलाय. नवा वायसर टाका. बोल्ट आवळून गळती थांबवायला गेलं की अ‍ॅल्युमिनियमच्या चेंबरचे आटे जातात. फिल्टरच्या मानेभोवती ओलं असेल तर फिल्टर काढून पाहा: जुन्या फिल्टरचं रबर इंजिनालाच चिकटून राहतं आणि नवा त्याच्यावर चढवला जातो. असा दुहेरी रबराचा फिल्टर भर रस्त्यात सगळं ऑइल ओकू शकतो. सर्व्हिसनंतर लगेच सुरू झालेल्या मोठ्या गळतीत हे आधी तपासतो.

नेमकी जागा सापडत नसेल तर इंजिन डीग्रीज करून (तेलकटपणा काढून) धुवा, पूर्ण वाळवा, संशयाच्या भागावर टाल्कम पावडर फुंकरा आणि पंधरा-वीस मिनिटं चालवून पाहा. पांढऱ्या पावडरवर ऑइलची वाट उमटते.

गतिरोधकावर किंवा दगडावर चेंबर आपटलं आणि ऑइलचा लाल दिवा लागला, तर त्याच क्षणी इंजिन बंद. तो दिवा ऑइलचा दाब गेल्याचं सांगतो. पुढच्या गॅरेजपर्यंत नेलेलं इंजिन बहुतेकदा उघडावंच लागतं.

यापुढे मेकॅनिक

क्रँकचं ऑइल सील, गिअरबॉक्स, हेड गॅस्केट, ब्रेकच्या लाइन आणि पेट्रोलची कोणतीही दुरुस्ती घरी करायची नाही. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सला अनेक गाड्यांत डिपस्टिकच नसते. त्यात अंदाजाने तेल ओतू नका.

गॅरेजला जाताना पुठ्ठा, तारखांचे फोटो आणि किती दिवसांत किती भरलं याची नोंद बरोबर न्या. कूलंटसाठी प्रेशर टेस्ट मागा. थंड इंजिनावर हवेचा दाब देऊन गळती दाखवता येते, काही उघडावं लागत नाही. ऑइलची जागा सापडत नसेल तर त्यात रंगद्रव्य टाकून अल्ट्राव्हायोलेट दिव्याने पाहता येतं. "सगळी पॅकिंग बदलू" असं कुणी आधीच सांगितलं तर जागा बोटाने दाखवायला सांगा. काम झाल्यावर तो भाग धुऊन कोरडा करून घ्या, फोटो काढा, आणि त्याच रात्री नवा पुठ्ठा टाका. फरशीवरच्या जुन्या तेलावर लाकडाचा भुसा रात्रभर दाबून ठेवा, म्हणजे सकाळी दिसणारा डाग नवा की जुना असा प्रश्न उरणार नाही.